मेणाने राखावे, निळीत बुडवावे: कोरोमंडलच्या छिटांची निळाई घरच्या तुकड्यावर कशी आणावी

जुन्या छिटाच्या कापडावरचा निळा रंग कुंचल्याने भरलेला असावा, असे पाहताक्षणी वाटते. तो तसा भरलेला नसतो. सतराव्या आणि अठराव्या शतकांत कोरोमंडलच्या, म्हणजे आजच्या तमिळनाडू आणि आंध्रच्या किनाऱ्यावर जी छिटे तयार होत, त्यांतल्या काळ्या आणि लाल आकृत्यांच्या रेषा कलमेने काढल्या जात. निळ्याची वेळ आली की मात्र कापडाच्या ज्या भागाला निळे व्हायचे नाही तो सगळा भाग वितळलेल्या मेणाने झाकून अख्खे कापड निळीच्या रांजणात उतरवले जाई. चार पाने निळी करायची असली तरी भोवतालचे सगळे कापड मेणाखाली जाई. हेच काम रुमालाएवढ्या सुती तुकड्यावर घरी कसे करावे, ते येथे सांगितले आहे.

एवढा खटाटोप का करावा लागे, हे आधी समजून घेतले तर पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. नीळ पाण्यात विरघळत नाही. चुन्यासारख्या अल्कलीच्या पाण्यात, तिचे क्षपण करणाऱ्या, म्हणजे तिला विरघळणाऱ्या रूपात नेणाऱ्या, एखाद्या पदार्थाच्या सोबतीनेच ती विरघळते, आणि हवा लागताच पुन्हा न विरघळणारी होते. कलमेवर घेतलेली नीळ कापडापर्यंत पोहोचेतो बिघडू लागते आणि धाग्यात शिरण्याऐवजी वरवर बसते. म्हणून बुडवण्यावाचून गत्यंतर नसे. उलट लाल रंगाला मेणाची राखण चालत नाही, कारण मंजिष्ठेचा किंवा त्या किनाऱ्यावरच्या ‘चाय’ नावाच्या झुडपाच्या मुळांचा लाल रंग (चहाशी त्या झुडपाचा संबंध नाही) तापत्या पाण्यात चढतो, आणि त्या पाण्यात मेण वितळून जाते. तेथे रंग कोठे चढावा हे आधी लावलेली तुरटी ठरवते. नीळ मात्र गार किंवा कोमट पाण्यात चढते, आणि मधमाशांचे मेण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते. नीळ हा गार रंग आहे म्हणूनच मेण तिचे सोबती होऊ शकले. या कामातल्या बहुतेक चुका ही गोष्ट विसरल्यामुळे होतात. माझ्याही त्याचमुळे झाल्या.

या पद्धतीची जुनी लेखी वर्णने आपल्याकडे आहेत. आंत्वान द बोलियू या फ्रेंच आरमारी अधिकाऱ्याने १७३४ च्या सुमारास पाँडिचेरीत एक छीट तयार होताना पाहिले आणि प्रत्येक पायरीनंतर त्या कापडाचा एकेक तुकडा कापून घेऊन आपल्या टिपणांसोबत ठेवला. १७४२ मध्ये गास्ताँ-लोराँ केर्दू या जेझुइट धर्मोपदेशकाने त्याच किनाऱ्यावरून एक सविस्तर पत्र लिहिले. त्यातून असे दिसते की मेण लावणारा कारागीर आणि नीळ चढवणारा कारागीर हे वेगवेगळे असत. मेण लावून झाले की कापड निळीच्या रंगाऱ्याकडे जाई. आपल्याकडेही निळीचे काम करणाऱ्या रंगाऱ्यांची ‘निराळी’ ही वेगळी जात होती, हे येथे आठवते. बोलियूची युक्ती तर आपणही जशीच्या तशी उचलावी. मुख्य तुकड्यासोबत त्याच कापडाची एक लांब पट्टी प्रत्येक पायरीतून न्यावी आणि दर वेळी तिचा दोन बोटे भाग कापून वहीत चिकटवावा. पुढच्या खेपेस कोठे चुकले हे शोधताना या वहीइतका उपयोग कशाचाही होत नाही.

आता कापडाकडे वळू. कापड शंभर टक्के सुती असावे. मलमल किंवा पातळ मांजरपाट चालतो. जाड कापडात मेण आरपार जात नाही, म्हणून सुरुवातीला ते टाळावे. नव्या कापडाला खळ असते आणि ती गेली नाही तर मेण धाग्याला न धरता खळीला धरते. माझा पहिला तुकडा यामुळेच वाया गेला: मेणाच्या रेषा सुरेख उठल्या होत्या, पण दुसऱ्या बुडीत त्या खपल्यांसारख्या सुटून पाण्यावर तरंगू लागल्या. म्हणून दर लिटर पाण्याला साधारण ५ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून कापड तासभर उकळावे. पाणी चहासारखे पिवळट होते, ते ओतून द्यावे आणि कापड स्वच्छ पाण्यात खळबळून वाळवावे. वाळलेल्या कापडावर पाण्याचा एक थेंब सोडावा. तो मोत्यासारखा उभा राहिला तर कापड पुन्हा उकळावे. पडताक्षणी पसरला तर कापड तयार आहे. छीटवाले कापड हिरड्याच्या आणि म्हशीच्या दुधाच्या मिश्रणात भिजवत, ते दुधातल्या स्निग्धांशामुळे तुरटीची आणि लोखंडाची रेष फुटू नये म्हणून. नुसत्या निळीच्या कामाला त्याची गरज नाही. ते लोक कापड लाकडी मोगरीने कुटून गुळगुळीत करत. आपल्याला कडक इस्त्री पुरते.

नक्षी कापडावर उतरवण्याची त्यांची रीत मराठी घरांना परकी नाही. कागदावरच्या नक्षीच्या रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडत, कागद कापडावर ठेवत आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावरून फिरवत. रांगोळीच्या ठिपक्यांसाठी उदबत्तीने भोके पाडलेला कागद ज्यांच्या घरी होता, त्यांना हे वेगळे शिकवावे लागणार नाही. पहिल्या तुकड्यासाठी नक्षी साधी घ्यावी, आणि एक गोष्ट मनात पक्की करावी: आपण काढतो ती रेषा पांढरी राहणार आहे. काळ्या शाईने कागदावर चित्र काढण्याची सवय असलेला हात येथे उलटा विचार करायला थोडा वेळ घेतो.

मेण निवडताना मधमाशांचे मेण आणि मेणबत्तीचे पॅराफिन यांतला फरक लक्षात घ्यावा. पहिले लवचिक असते आणि कापडाबरोबर वाकते. दुसरे ठिसूळ असते आणि वाकताच तडकते. तडकलेल्या भागातून नीळ आत शिरते आणि पांढऱ्यावर निळ्या शिरांचे जाळे उठते. आजकाल बाटिकमध्ये हे जाळे मुद्दाम आणतात, आणि ज्यांना ते आवडते त्यांनी पॅराफिन वाढवावे. माझे मत असे की जुन्या छिटांची नजर ज्याला कमवायची आहे त्याने आधी स्वच्छ पांढरा राखायला शिकावे. दोन भाग मधमाशांचे मेण आणि एक भाग पॅराफिन हे प्रमाण हाताला सोपे जाते.

मेण कधीही थेट गॅसवर ठेवू नये. मोठ्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात लहान स्टीलचे पातेले ठेवून त्यात ते वितळवावे. धूर दिसू लागला तर आच ताबडतोब बंद करावी. पेट घेतलाच तर पाणी ओतू नये, झाकण ठेवून आच बंद करावी. काम चालू असताना खोली सोडून जाऊ नये. मेणासाठी आणि निळीसाठी वापरलेली भांडी पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नयेत.

किनाऱ्यावरचे कारागीर मेणासाठी लोखंडी टोकाची कलम वापरत आणि टोकाच्या वर केसांचा गोळा गुंडाळत. तो गोळा मेण धरून ठेवी आणि बोटाने दाबताच ते टोकाकडे उतरे. घरी एक जाड दाभण घेऊन तिचे टोक दगडावर घासून बोथट करावे, टोकापासून सुमारे दोन बोटे वर सुती दोरा घट्ट गुंडाळून बोराएवढा गोळा करावा आणि मागचे टोक लाकडी मुठीत बसवावे. ही कलम मेणात अर्धा मिनिट बुडवून ठेवावी, म्हणजे लोखंड तापते, आणि मग रेघ ओढावी. जावातले तोटीचे ‘चांतिंग’ मिळाले तर रेषा अधिक लांब निघते. मोठ्या जागा भरायला जुना, रुंद, केसांचा ब्रश घ्यावा; प्लॅस्टिकचे तंतू मेणात वितळतात. छाप उठवायचा असेल तर धातूचा ठसा हवा, कारण लाकूड लवकर गार होते. सोऱ्याची जुनी पितळी शेवेची चकती सांडशीत धरून मेणात तापवावी आणि कापडावर दाबावी. छापकामाची पहिली ओळख करून घ्यायला तेवढे पुरेसे आहे.

रेषा नीट बसली की नाही हे तिच्या रंगावरून कळते. तापलेले मेण कापडात शिरले की तो भाग तेल लागलेल्या कागदासारखा पारदर्शक आणि किंचित गडद दिसतो. रेषा दुधाळ पांढरी आणि उंच उठलेली दिसली, तर मेण गार होते आणि ते नुसते वर बसले आहे. सगळे काम झाल्यावर कापड खिडकीसमोर उजेडात उलटे धरावे. मागून जेथे रेषा तुटक दिसेल तेथे मागच्या बाजूनेच मेणाचा हात फिरवावा. किनाऱ्यावरचे लोक मेण लावलेले कापड थोडा वेळ उन्हात पसरत, म्हणजे मेण मऊ होऊन दुसऱ्या बाजूपर्यंत उतरे. आपल्याकडच्या उन्हातही हे जमते, पण रेषा पसरू लागण्याआधी कापड उचलण्याइतके लक्ष हवे. आणि यापुढे कापडाची घडी घालू नये.

निळीची खरेदी करताना मराठी माणसाची दोन ठिकाणी फसगत होते. दुकानात नुसते ‘नीळ’ म्हटले की पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ हातात येते; तिचा या कामाशी संबंध नाही. ‘इंडिगो पावडर’ म्हटले की केसांना लावायची हिरवट पूड मिळते. ती नुसती वाळवून दळलेली पाने असतात आणि येथे सांगितलेल्या कृतीत ती चालत नाही. आपल्याला हवी ती पानांपासून काढलेल्या रंगाची गर्द निळी वडी किंवा तिची पूड. चांगल्या वडीवर नख घासले की तांब्यासारखी चमक उठते.

नीळ विरघळवण्याच्या जुन्या दक्षिणी कृतीत चुन्यासोबत टाकळ्याचे बी शिजवून घालत. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो तोच हा टाकळा. ते बी आंबते आणि आंबताना निळीचे क्षपण करते. ही कृती सुंदर आहे, पण तिला बरेच दिवस आणि सरावाचे नाक लागते. पहिल्या वेळेस मिशेल गार्सिया या फ्रेंच रंगतज्ज्ञाने प्रचारात आणलेली फळसाखरेची कृती घ्यावी. तिचे प्रमाण एकास दोन, दोनास तीन असे लक्षात राहते: दहा लिटर पाण्याला ५० ग्रॅम नीळ, १०० ग्रॅम कोरडी विरवलेल्या चुन्याची पूड आणि १५० ग्रॅम फ्रुक्टोज. गूळही चालतो, परंतु गुळात बहुतांश उसाची साखर असते आणि ती हे काम जवळजवळ करत नाही; त्यामुळे गूळ बराच अधिक लागतो आणि वेळही. चुना ताज्या, बंद पिशवीतला घ्यावा, कारण हवेत पडून राहिलेल्या चुन्याची शक्ती जाते. चुना डोळ्यांना आणि कातडीला जाळतो. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय पिशवी उघडू नये.

नीळ कोमट पाण्यात घोटून तिची गुठळी न राहणारी पेस्ट करावी. बाटलीत दोन-चार गोट्या टाकून ती दहा मिनिटे हलवली तर हे काम हाताने होते त्याहून चांगले होते. खोल, अरुंद तोंडाच्या स्टीलच्या पिंपात सुमारे ६० अंशांचे पाणी घ्यावे, त्यात फ्रुक्टोज विरघळवावे, नीळ ओतावी आणि चुना थोडा थोडा घालत ढवळावे. ढवळताना काठी एकाच दिशेने फिरवावी आणि पाण्यात हवा खळखळू देऊ नये. पहिल्या दोन तासांत दर अर्ध्या तासाने ढवळून झाकून ठेवावे आणि मग रात्रभर निवांत राहू द्यावे. सकाळी वर तांबूस चमकेचा पातळ पापुद्रा, मध्ये निळ्या बुडबुड्यांचा फेस आणि खाली पारदर्शक पिवळट-तपकिरी पाणी दिसले, तर नीळ उतरली. पट्टीचे टोक बुडवून पाहावे. बाहेर येताना ते हिरवट-पिवळे असेल आणि हवेत निळे होत असेल तर काम सुरू करावे. निळेच बाहेर आले तर थोडे फ्रुक्टोज घालून, थोडी ऊब देऊन थांबावे.

येथे उष्णतेची गोष्ट पुन्हा येते. पिंप गरम पाण्याने सुरू केले असले तरी मेणाचे कापड त्यात जाण्याआधी ते पूर्ण निवायला हवे. पाणी ३० अंशांच्या आसपास असावे. मे महिन्यात मी पिंप गॅलरीत ठेवले होते आणि दुपारी तीनला काम काढले. पाणी हाताला नुसते कोमट वाटत होते, पण त्याला मेण मऊ पडले आणि बारीक रेषांच्या कडा सुटून गेल्या. तेव्हापासून उन्हाळ्यात मी पहाटेच बुडवते.

मेणाचे कापड आधी गार पाण्यात पूर्ण भिजवून निथळावे. पिंपाच्या तळाशी चुन्याचा गाळ असतो, त्याला कापड लागू नये, म्हणून ते तारेच्या कड्याला दोन टोकांनी अडकवून अलगद उभे सोडावे. दोन-तीन मिनिटे ते हलक्या हाताने पाण्याखालीच ठेवावे आणि मग काठाला लावून निथळत, पाणी न उडवता बाहेर काढावे. या क्षणी थोडे थांबून पाहावे. कापड बाहेर येते ते कोवळ्या पोपटी रंगाचे. मग कडा निळसर होतात, घडीत अडकलेला भाग हिरवा राहतो, आणि एखाद-दोन मिनिटांत निळा रंग कडांकडून आत सरकत सगळ्या कापडावर येतो. जेथे हिरवे उरले असेल तेथे हवा लागेल असे कापड उलगडावे. पंधरा-वीस मिनिटे हवेत ठेवून पुन्हा बुडवावे. एका लांब बुडीपेक्षा अनेक छोट्या बुड्या नेहमी चांगल्या. चार ते सहा बुड्यांत गडद निळा येतो, आणि ओले कापड वाळल्यावर दिसते त्याहून गडद दिसते हे धरून एक बुडी जास्त द्यावी.

दोन छटा हव्या असल्या तर पहिल्या बुडीनंतर कापड धुऊन वाळवावे, जो भाग फिका राहायचा त्यावर मेण लावावे आणि मग उरलेल्या बुड्या द्याव्यात. मधूनमधून मेण तपासावे आणि जेथे झिजले असेल तेथे, कापड वाळल्यावरच, पुन्हा लावावे.

शेवटच्या बुडीनंतर कापड एक दिवस सावलीत वाळू द्यावे. मग ते थोडे व्हिनेगर घातलेल्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून चुना काढावा आणि साध्या पाण्याने धुवावे. मेण काढण्यासाठी साबणाच्या उकळत्या पाण्यात कापड सोडून काठीने खालीवर करावे. मेण वर येते. पाणी गार होऊ दिले की त्याची चकती बनते. ती उचलून ठेवावी, पुढच्या कामाला ती येते, फक्त तिला निळसर झाक असते. हे पाणी गरम असताना मोरीत ओतू नये, नळीत मेण थिजते. दोन-तीन वेळा उकळूनही कापड ताठ वाटले तर पुन्हा उकळावे. इस्त्री आणि वर्तमानपत्र वापरून मेण शोषून घेण्याचा उपाय सांगितला जातो, पण त्याने रेषेभोवती तेलकट कड राहते. मी तो करत नाही. पांढरा भाग निळसर झाला असेल तर साबणाच्या पाण्याने पुन्हा धुवावा. किनाऱ्यावरचे लोक पांढरा उजळवण्यासाठी कापड शेण-लेंड्यांच्या पाण्यात भिजवून उन्हात पसरत. आपल्याला गवतावरचे दोन दिवसांचे ऊन पुरते.

एवढे स्वतः केले की संग्रहालयातले जुने छीट वेगळे दिसू लागते. अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयात किंवा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये अशा कापडासमोर उभे राहिल्यास निळ्या पाकळ्यांमधल्या बारीक पांढऱ्या रेषा शोधाव्यात: त्या नंतर रंगवलेल्या नसतात, मेणाच्या कलमेने राखलेल्या असतात, आणि त्यांच्या सुरुवातीला मेणाचा छोटा थेंब साचलेला बहुधा ओळखू येतो. निळी पाने दिसली तर ती मूळची हिरवी होती असे समजावे. हिरवा रंग निळ्यावर पिवळा फिरवून आणत आणि तो पिवळा काळाच्या ओघात उडाला आहे. मेणाची हीच कलम तंजावरच्या मराठा राजघराण्यासाठी कुंभकोणमजवळच्या कोडाली करुप्पूर गावी विणल्या जाणाऱ्या साड्यांवरही चाले. विणीत जरीच्या आकृत्या असत आणि त्यांभोवती मेण व रंग यांनी लाल-काळे काम केलेले असे. त्या साड्या बडोदा, कोल्हापूर, सातारा येथील राजघराण्यांत आहेर म्हणून जात.

पिंपातली नीळ एका कामात संपत नाही. रंग फिका येऊ लागला की मूठभर फ्रुक्टोज आणि त्याच्या निम्मा चुना घालून, ढवळून, रात्रभर झाकून ठेवावे; वरचा पापुद्रा सकाळी परत आला तर तेच पाणी आणखी कित्येक दिवस चालते. अगदी शेवटच्या फिक्या पाण्यात मेणाशिवाय एखादी साधी मलमल बुडवावी, तिला पावसाळी आकाशासारखा जो फिका निळा येतो तो ताज्या पिंपातून आणता येत नाही.